नळापाशी उभी असलेली बाई

ते चित्र आता कुठं आहे, मला माहीत नाही. मी ज्यांच्या घरी राहायचो त्या आजी गेल्यावर त्यांच्या नवऱ्याची पनवेलची भाची सामान घेऊन गेली, त्यात तेही गेलं. पण आजही कुठं कोळशाचा तुकडा दिसला की मी पायानं बाजूला सारत नाही. उचलून ठेवतो.

मी रोह्याला आलो तेव्हा विसाचाही नव्हतो. शिक्षण सातवी. आमचं गाव नांदेडकडं, पार कोपऱ्यात. वरचे वर्ग शेजारच्या गावी होते आणि मधे नदी. पावसाळ्यात पाणी चढलं की शाळा बंद, उतरलं की वर्ग पुढं गेलेला. एका वर्षी मी असा मागं पडलो आणि पुन्हा गेलोच नाही. कुणी रागावलं नाही, कुणी बोलवायलाही आलं नाही. पुढं गावातला एक जण रोह्याजवळ धाटावला कंपनीत लागला होता, त्याच्या मागं मीही आलो. कंत्राटदाराच्या हाताखाली, रंगाच्या प्लांटमध्ये. पिवळ्या रंगाच्या गोणी उचलायचं काम. तो रंग साबणानं जात नसे. माझी नखं कायम हळद लागलेल्या नवरदेवासारखी असत आणि शिफ्टमधली पोरं त्यावरून जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझ्या बोलण्याचीही मजा चालायची. मी "कुठं जायलास" म्हटलं की रोह्याची पोरं आठवडाभर एकमेकांना तेच विचारत फिरायची. मी हसायचो, पण हळूहळू बोलणंच कमी केलं. भीती एकच. काही चुकलं, काही बोललो, की कंत्राटदार उद्या येऊ नको म्हणेल. तसं त्यानं दोघांना माझ्यासमोर म्हटलं होतं. म्हणून मी सुट्टी घेत नव्हतो. आईला भेटून दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

आधी आम्ही एका खोलीत इतके जण राहायचो की शिफ्टप्रमाणे झोपावं लागायचं. मी रात्रपाळीहून आलो की दुसरा उठायचा आणि त्याच्या गरम अंथरुणात मी आडवा व्हायचो. तिथून मला आजींनी उचललं. त्यांचं घर बाजाराच्या मागच्या आळीत, कौलारू, तीन खोल्यांचं. नवरा भाताच्या गिरणीवर होता, तो गेलेला, मूलबाळ नाही. मागची खोली रिकामी होती. मी त्यांच्याकडं एकदा कौलं शाकारायला एका माणसाबरोबर गेलो होतो. चहा देताना त्यांनी विचारलं, "झोपतोस कुठं रे?" मी सांगितलं. पुढच्या रविवारी मी माझी ट्रंक घेऊन त्यांच्या मागच्या खोलीत होतो. अजूनही माझ्या मनात येतं, त्या दिवशी त्यांनी नुसता चहा दिला असता आणि विचारलं नसतं, तर मी रोह्यात टिकलो असतो का.

चित्र पुढच्या ओटीवर होतं, दारातून आत येताच समोर. मुंबईचा रस्ता. लाकडी गॅलऱ्यांच्या चाळी दोन्ही बाजूंना वर गेलेल्या, मधून ट्राम येते आहे, एक घोडागाडी कडेला थांबली आहे, दिव्याचा खांब, खांबाच्या अलीकडं सार्वजनिक नळ. सगळं कोळशानं काढलेलं. माणसं पुष्कळ, पण कुणालाच तोंड नाही. कोळसा बोटानं पुसून जिथं तोंड तिथं नुसती सावली. लांबून बघितलं तर रस्ता हलतो आहे असं वाटायचं. जवळ गेलं की धूर.

हे चित्र आजींच्या वडिलांनी काढलं होतं. ते लग्नानंतर मुंबईत चित्रकला शिकायला राहिले होते, चाळीच्या खोलीत. नंतर ते रोह्याला परत आले आणि जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं. नळापाशी घडा लावून एक बाई उभी आहे, नऊवारी, पदर खोचलेला, मान जराशी ट्रामकडं. ती आजींची आई. वडिलांनी गॅलरीत बसून वरून काढलेली. पुढं बाळंतपणाला ती रोह्याला माहेरी आली आणि आजी जन्मल्या त्याच दिवशी गेली. फोटो काढलेला नव्हता. म्हणजे आजींजवळ त्यांची आई होती ती एवढीच, अंगठ्याएवढी, आणि तिला तोंड नव्हतं.

हे मला त्यांनी एकदम सांगितलं नाही. थोडं थोडं, तांदूळ निवडताना, दिवा लावताना. वडील म्हणायचे तिचे डोळे मोठे होते, एवढं एक वाक्य त्यांना मिळालेलं होतं.

गणपती होऊन गेल्यावर एक दिवस ते चित्र पडलं. खिळा गंजला होता. मी पहिल्या पाळीहून आलो तर आजी ओटीवर खाली बसलेल्या आणि पुढ्यात काचेचे तुकडे. चित्र उताणं होतं, काचेचा एक कोपरा फुटलेला, बाकीची काच जागेवर. कडेनं दिसणारी मागची फळी वाळवीनं खाल्लेली, हात लावला की पीठ. कागदाच्या कडेला बुरशी आली होती. चौकटीतून अजून बाहेर काढायचं कुणाला धैर्य नव्हतं. शेजारच्या काकी येऊन म्हणाल्या, "उचला की गो आजी, कशाला बघत बसल्या?" आजी म्हणाल्या, "कोळसा हाय गो तो. पदर लागला तरी आई जायची माझी."

रोह्यात देवांच्या तसबिरी बांधून देणारा एक होता. त्यानं लांबूनच बघितलं आणि नको म्हणाला. काचेला चिकटलेलं असेल तर काच काढताना अर्धं चित्र काचेबरोबर येईल, मग तुम्ही मला शिव्या घालाल, म्हणाला. खरंच होतं त्याचं.

मग मला पेण आठवलं. आमच्या शिफ्टमध्ये पेणकडचा एक माणूस होता, त्याचा मेहुणा गणपतीच्या कारखान्यात आखणीला होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळी मूर्ती दहा हात करतात, डोळे एकच हात करतो. अशा हाताला कोळसा जड जाणार नाही असं मला वाटलं. आजींना सांगितलं तर त्यांनी आधी मोठी परात काढून पुढ्यात ठेवली. मग म्हणाल्या, "तू स्वतः ने. मांडीवरनं खाली ठेवू नको." आणि माझ्या नखांकडं बघून, "आणि तुझी ती हळद लावू नको तिला."

मी आठवड्याच्या सुट्टीला चौकट परातीत आडवी ठेवून, वर दुसरी परात पालथी घालून, चादरीत बांधून एसटीनं पेणला नेली. नागोठण्यापर्यंतचे खड्डे मी पोटात घेतले.

कारखान्यात तेव्हा सामसूम होती. मोसम संपलेला, फळ्या रिकाम्या, कोपऱ्यात तेवढ्या काही न विकलेल्या मूर्ती कागदाखाली. आखणीवाले काका पन्नाशीचे, बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडं बघणारे. त्यांनी चादर सोडली, बराच वेळ बघितलं, मग पातळ पात्यानं काच अलगद सोडवली. कागदाचा एक कण गेला नाही. बुरशी कोरड्या कुंचल्यानं उडवली. मी सुटलो एकदाचा असं वाटलं, आणि सुटल्यावर माणूस जास्त बोलतो तसं झालं. त्यांनी विचारलं, ही नळावरची कोण, हिच्यावर हात जास्त फिरलाय काढणाऱ्याचा. मी सगळं सांगितलं. आई, बाळंतपण, फोटो नाही. तिचे डोळे मोठे होते म्हणतात, हेही सांगितलं. रोह्यात आल्यापासून मी एका दमात इतकं बोललो नव्हतो.

नवी फळी, नवी काच बसवायला आठवडा लागेल म्हणाले.

पुढच्या सुट्टीला गेलो तर चित्र तयार होतं. पुढून कागद, त्यावर लाल फडका, चारी बाजूंनी सुतळी. मी बघू का म्हटलं तर काकांनी नाही म्हणून मान हलवली. घरी जाऊन त्यांच्यासमोरच उघड, म्हणाले. पेणची ही रीतच आहे. मूर्ती घरी नेताना तिचं तोंड झाकतात आणि घरी पाटावर ठेवल्यावर उघडतात. त्यांच्या हाताला तीच सवय, असं समजून मी निघालो.

बसमध्ये गंमत झाली. लाल फडक्यातलं काहीतरी छातीशी धरून चढलेला माणूस बघून एका बाईनं पोराला उठवून मला जागा दिली. पलीकडच्या म्हाताऱ्यानं चप्पल काढली आणि फडक्याला हात जोडले. मग मला म्हणाला, "माघीचा काय? माघीला अजून लय अवकाश हाय." मी म्हटलं, गणपती नाही, चित्र आहे. "कोणाचं?" माझ्या तोंडून निघालं, आईचं. म्हाताऱ्यानं हात खाली घेतले नाहीत. "मग बरोबर हाय," म्हणाला आणि नागोठण्याला उतरला.

घरी आजींनी खरोखरच पाट मांडला होता. मी सुतळी सोडली, फडका काढला, कागद काढला.

रस्ता होता तसाच होता. काच स्वच्छ असल्यामुळं ट्राम जास्त जवळ आलेली. पण नळापाशी उभ्या बाईला डोळे आले होते. कोळशानंच काढलेले, लांबट, भरलेले, खालच्या पापणीला बारीक रेघ, बुबुळावर उजेडाचा ठिपका. एवढ्या लहान जागेत एवढं काम कसं केलं असेल, देव जाणे. पेणचे डोळे होते ते. दर वर्षी घरोघर जे बघतो तेच. आणि पेणचे डोळे समोर उभ्या माणसाकडं बघतात, तो कुठंही उभा असो. मान ट्रामकडं, डोळे आमच्याकडं.

मी काहीतरी बोलत राहिलो, मी सांगितलं नव्हतं, मी उद्याच पेणला जातो, असं. आजींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या चित्रापुढं बसल्या होत्या. खूप वेळानं म्हणाल्या, "तू जेवून घे." एवढंच.

त्यानंतरचे दिवस मी चोरासारखा वागलो. कामावर जाताना ओटीवरून न जाता मागच्या दारानं जायचो. मनात ट्रंक भरून ठेवली होती. आजी बोलत नव्हत्या, पण माझा चहा रोज चुलीपाशी झाकून ठेवलेला असायचा. ते मला जास्त लागायचं. त्या शिव्या देतील तर बरं, असं वाटायचं.

मग शेजारच्या काकींनी मला वाटेत गाठलं. काय चाललंय रे तुमच्या घरी, विचारलं. आजी भर दुपारी चांगलं लुगडं नेसून ओटीवर बसतात म्हणे. कधी या कोपऱ्यात, कधी त्या. काकींनी हटकलं की काय गो आजी, कोण पावणा यायचाय काय, तर म्हणाल्या, "आलाय गो. बसू दे मला."

मी त्या दिवशी पुढच्या दारानं घरात गेलो. आजी खरंच बसल्या होत्या, केस नीट विंचरून. मला बघून जराशा लाजल्या. मी खाली बसलो. त्या चित्राकडं बघतच बोलल्या.

"मी इकडं बसले की इकडं बघते. तिकडं गेले की तिकडं. चांगलं वाटतं रे. खोटं कशाला बोलू."

मी म्हटलं, मग राहू दे ना आजी.

"नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं मला बघितलंच नाय. सुईणीच्या हातात होते मी तेव्हा ती गेली. आता ही बघते ती कोण? आणि ही इकडं बघत बसली तर घडा कोण भरणार? माझी आई पाणी भरायला आलीय तिथं. तिला घरी जायचंय, माझे वडील वर वाट बघतायत." मग थोडं थांबून, "बघून माझा जीव भरला. पेणकराला बोलव. त्यानं घातलेत, तोच काढील."

रागावल्या नव्हत्या त्या. इतके दिवस मी ज्याला राग समजत होतो तो त्यांचा त्यांच्या आईबरोबरचा वेळ होता.

काका रविवारी आले. ओटीवर पाऊल टाकताच त्यांनी आधी चित्राकडं बघितलं, आपलं काम कसं बसलंय ते. मग आजींकडं बघितलं आणि त्यांना कळलं. आजींनी पाणी दिलं, मग सांगितलं. काका ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आजी, बिनडोळ्यांचं माणूस घरात ठेवायचं, आमच्याकडं मन होत नाय. अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. मला वाटलं वडिलांचं राहिलंय, मी पुरं करतो."

"वडिलांनी राहू दिलं असंल ना पण," आजी म्हणाल्या.

काकांनी चित्राकडं पुन्हा बघितलं. मग हात जोडून म्हणाले, तुम्ही सांगाल ती शिक्षा घेतो, पण पुसायला सांगू नका. "उघडलेला डोळा मी मिटलेला नाय आजवर. मूर्तीला तडा गेला तर ती विसर्जन करतो, पण डोळा पुसत नाय. माझा हात नाय चालायचा."

मला वाटलं आता भांडण होणार. आजी त्यांच्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी माझ्याकडं बघून पाव आणायला सांगितला. बेकरीतला ताजा, मऊ. मला वाटलं पाहुण्याला चहाबरोबर. धावत जाऊन गरम लादी आणली. आजींनी एक पाव फोडला, वरचं खरपूस साल काढून ताटलीत ठेवलं आणि आतला पांढरा भाग बोटांत मळायला लागल्या. त्यांचे वडील कोळसा असाच खोडायचे. पोरांच्या चित्रांसाठी शाळेत नेत, घरीही करत. आतला पाव चित्राला, वरची सालं लेकीला. त्यांचं लहानपण त्या सालांवर गेलं, असं म्हणाल्या आणि हसल्या.

काकांनी चौकट उघडून काच काढून दिली. एवढं मी करतो म्हणाले. मग उठून बाहेर पायरीवर जाऊन पाठमोरे बसले.

आजींचा हात थरथरत होता. डोळ्यांच्या शेजारीच मान होती, मानेखाली पदर, आणि सगळा धूर. एक चुकीचा स्पर्श झाला तर डोळ्यांबरोबर बाईच गेली असती. त्या म्हणाल्या, "माझं मनगट धर." मी माझ्या पिवळ्या बोटांकडं बघितलं. "धर रे. हात माझा हाय, तू फक्त हलू देऊ नको."

मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. इतकं बारीक होतं की मला माझ्या आईचं आठवलं, आणि तिचं मनगट आता केवढं असेल ते मला माहीत नव्हतं. आजींनी पावाचा कण टोकदार केला, एका डोळ्यावर टेकवला, दाबला नाही, घासला नाही, नुसता टेकवला आणि उचलला. कणाला काळं आलं. पुन्हा नवा कण. पुन्हा टेकवला. पेणचा डोळा फिका झाला, मग राखाडी, मग नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्या थांबल्या. त्या एका डोळ्यानं बाई आमच्याकडं बघत होती. आजींनी बघून घेतलं. मग टेकवला.

डोळ्यांबरोबर खालची वडिलांची सावलीही थोडी उचलली गेली होती. नळापाशी उभ्या बाईच्या तोंडावर आता फिकट डाग होता, आधी नव्हता तसा. आजींनी लांब धरून बघितलं, जवळ घेऊन बघितलं.

"ऊन आलंय तिच्या तोंडावर," त्या म्हणाल्या. "सकाळचंच असंल. पाण्याची वेळ."

काकांना आत बोलावलं. ते आले, बघितलं आणि काच बसवायला लागले. शेवटचा खिळा ठोकल्यावर म्हणाले, आता कुठं बघतेय ते ठरत नाय. आजी म्हणाल्या, "नायच ठरायचं. तिचं तिला ठाऊक." मग तिघांनी चहा घेतला. ताटलीतली सालं आजींनी आमच्यापुढं सरकवली. काकांनी बुडवून खाल्ली. मीही.

काका गेल्यावर आजी लुगड्याच्या निऱ्या सोडून घरातलं साधं नेसून आल्या आणि चुलीशी बसल्या. मला म्हणाल्या, "तुझी आई हाय ना रे?"

हो म्हटलं.

"डोळे हायत ना तिला?"

हो म्हटलं.

"मग तू इथं काय करतोस?"

मी कंत्राटदाराचं सांगितलं. सुट्टी मागितली की नाव जातं. आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, खोली तुझी राहील, कंपनीत राहो न राहो. बाकी काही समजावलं नाही.

दिवाळीला मी सुट्टी मागितली. मागताना आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. कंत्राटदार खूप बोलला, परत आलास तर बघू म्हणाला. बघू म्हणजे काय, हा विचार करत मी मुंबईपर्यंत गेलो आणि तिथून पुढं रात्रभर गाडीत बसून राहिलो. आजींनी पेणच्या पोह्याच्या पापडांचं पुडकं बांधून दिलं होतं, वरून लाल फडक्यात गुंडाळलेलं. तोच फडका.

आई दारात होती. मी पुडकं पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, माझ्या नखांपासून सुरुवात करून वर. एरवी असं कुणी बघितलं की मी मान खाली घालतो, अंगवळणीच पडलंय ते. त्या दिवशी घातली नाही. पुडकं हातात धरून तसाच उभा राहिलो, तिचं बघून होईपर्यंत.